सवतीचे पंखे

सुरुवातीलाच सांगते, या सदरातले अनुभव मी आजवर हसण्यासाठी वाचत आले. पिंपळाखालची बाई, रस्त्यात लिफ्ट मागणारा म्हातारा… वाचायचं, नवऱ्याला वाचून दाखवायचं, आणि विसरून जायचं. लग्नाआधी बरीच वर्षं मी गोंदियात कॉम्प्युटर पार्ट्सच्या दुकानात कामाला होते. काउंटरही मीच बघायचे आणि कॅबिनेटही मीच जुळवायचे. "मॅडम, मशीन आपोआप बंद पडते, काही बाहेरचं तर नाही ना?" असं कुणी विचारलं की मी झाकण उघडून पंख्याला चिकटलेला धुळीचा गोळा त्याच्या हातावर ठेवायचे. हे घ्या तुमचं बाहेरचं.

त्यामुळे आता मी लिहिते आहे ते भुताबद्दल आहे का, मला सांगता येणार नाही. मत्सराबद्दल मात्र नक्की आहे. तो माझा आहे आणि मला चांगला ओळखता येतो.

आमचं घर अर्जुनी मोरगावला, स्टेशनकडून बाजारात येणाऱ्या रस्त्यावर. पुढच्या खोलीत माझ्या मिस्टरांचा, देवेंद्रांचा, फोटो स्टुडिओ. मधल्या खोलीत मिक्सिंगचा कॉम्प्युटर — लग्नाचं शूटिंग कापून-जोडून, गाणी घालून त्याची फिल्म करायची, ते मशीन. मागे आम्ही तिघं राहतो, देवेंद्र, मी आणि सासूबाई. मी दुसरी. पहिली, प्रतिभा, तापानं गेली, आणि त्यानंतर दोनेक वर्षांनी मी या घरात आले.

काही घरांत दुसरीच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा टाक घालतात. चांदीचा छोटासा पत्रा, त्यावर बाईची आकृती. सासूबाईंनी तो करून ठेवला होता. मी सरळ नाही म्हणाले. मेलेल्या बाईला मी कायले गळ्यात घेऊन फिरू? देवेंद्र माझ्या बाजूनं बोलले, "नको म्हणते तर राहू दे आई." मला वाटलं, सुटले. पण टाक कपाटात गेला तरी तिचं मशीन मधल्या खोलीत होतंच. ते तिनं स्वतः जुळवलेलं होतं. तिनंही हार्डवेअरचा कोर्स केला होता म्हणे. म्हणजे माझी सवत माझ्याच धंद्यातली.

आता जरा पंख्यांचं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. कॅबिनेटमध्ये पंखे लावताना साधा नियम असतो. पुढचे पंखे बाहेरची गार हवा आत ओढतात, मागचा पंखा तापलेली हवा बाहेर फेकतो. ओढणारे जास्त आणि फेकणारे कमी ठेवले तर धूळ आत शिरत नाही. विदर्भातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. खिडकीतला कूलर सुरू असला की दाराच्या फटीतून हवा बाहेर जाते, रस्त्याची माती आत येत नाही — तेच हे.

प्रतिभानं नेमकं उलटं लावलं होतं. पुढचे दोन्ही पंखे हवा बाहेर फेकणारे, मागचा एकटा आत ओढणारा. आमच्या दुकानात नव्या पोरानंही असं लावलं असतं तर सेठनी त्याला दिवसभर झाडू मारायला लावला असता. त्यात उन्हाळी धानाची मळणी सुरू झाली की आमच्या रस्त्यानं कोंडा नुसता उडत असतो. असं मशीन आठवड्यात धुळीनं भरायला हवं. मी पहिल्यांदा झाकण उघडलं तर आत धूळ नाही. बोट फिरवलं, बोट स्वच्छ. आणि भर मे महिन्यात फिल्म रेंडरला लावली — म्हणजे मशीनला सगळ्यात जास्त राबवणारं काम — तरी तापमान साठ-बासष्टच्या वर जाईना.

मी एकदा म्हणाले, "पंखे उलटे लागले आहेत. मी नीट करून देते."

"तिनं लावून ठेवलं आहे, राहू दे ना," देवेंद्र म्हणाले. "चांगलं चालून राहिलं. कायले हात लावतेस?"

बस, एवढंच. भांडण नाही, आवाज चढवणं नाही. पण त्या "तिनं"मध्ये काय होतं ते बाईलाच कळेल. मी केलेल्या भाजीला ते चांगली म्हणायचे, नव्या पडद्यांना चांगले म्हणायचे. ज्या एका कामात मी खरी हुशार, तिथं मात्र "तिनं लावलं आहे". मला त्यांच्या तोंडून एकच वाक्य ऐकायचं होतं, की हे तुला तिच्यापेक्षा चांगलं जमतं. लहान पोरीसारखं वाटेल, पण होतं ते हेच.

या वर्षीच्या लग्नसराईत देवेंद्र दोन दिवसांसाठी देवरीकडे शूटिंगला गेले आणि मी संधी साधली. जुन्या सेठकडून चार नवे पंखे आणि जाळ्या आधीच मागवून ठेवल्या होत्या. दुपारी जेवणं झाल्यावर तिचे पंखे उतरवले. पुढे तीन ओढणारे, त्यांच्यासमोर जाळी, मागे एक फेकणारा. पंख्याच्या कडेला हवेच्या दिशेचा बाण असतो, तो प्रत्येक वेळी दोनदा बघितला. वायरी अशा बांधल्या की मशीन दुकानाच्या काचेत मांडून ठेवावं. मग रेंडर लावला आणि चहा घेऊन समोर बसले.

साठ, एकसष्ट, बासष्ट. तिथंच थांबलं.

देवेंद्र आले तेव्हा मी त्यांना दाखवलं. जरा घाबरतच दाखवलं. ते आकड्याकडे बघून म्हणाले, "पहिल्यासारखंच आहे."

पहिल्यासारखंच! नवे पंखे, जाळ्या, माझी अख्खी दुपार, आणि निकाल काय, तर पहिलीसारखंच. मी हसले आणि भाकरी टाकायला आत गेले. त्या दिवशीच्या भाकरी करपल्या.

दुसऱ्या दिवशी मनात आलं, कुठून तरी हवा निसटत असणार, नाहीतर माझी मांडणी तिच्यापेक्षा सरस ठरायलाच हवी. दुकानात आम्ही हवा कुठून कुठे जाते ते अगरबत्तीनं बघायचो. धूर दिसतो, हवा दिसत नाही. सासूबाईंच्या देवघरातून एक काडी घेतली, पेटवली आणि पुढच्या जाळीसमोर धरली. धूर आत ओढला जायला हवा होता. तो माझ्या तोंडावर आला.

काडी मागे नेली. मागच्या पंख्यानं धूर ढकलून द्यायला हवा होता. त्यानं तो गटकन आत घेतला.

मला वाटलं, बाण वाचण्यात चूक झाली. हात दाखवून अवलक्षण! झाकण उघडलं. बाण बरोबर होते. पाती ज्या बाजूनं फिरायला हवीत त्याच बाजूनं फिरत होती. कूलर बंद केला, छताचा पंखा बंद केला, खिडकी लावली, कॅबिनेट भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणलं. पंखे सरळ फिरत होते आणि हवा उलटी जात होती. मागून आत, पुढून बाहेर. जशी तिनं लावली होती तशी.

सेठना फोन केला. ते म्हणाले, "बेटा, तूने फैन उल्टा लगाया है."

"नहीं सेठ, बाण देखा है मैंने."

"तो फिर अगरबत्ती बदल," म्हणाले आणि आपल्याच विनोदावर हसत बसले. पूर्वी मीही अशीच हसले असते.

मी पुन्हा काडी धरून कॅबिनेटसमोर उकिडवी बसले होते तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. त्यांनी मला बघितलं, अगरबत्ती बघितली, आणि पदर डोक्यावर घेऊन तिथूनच हात जोडले.

"आई, मी हवा बघून राहिले," मी म्हणाले.

"बघ बाई, बघ. शेवटी तूबी लावली ना अगरबत्ती तिले," त्या म्हणाल्या. "मी म्हणतच होती, टाक घातला असता तर ते तिथं कायले बसली असती?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅबिनेटवर दोन जास्वंदीची फुलं होती. बरोबर वरच्या जाळीवर, हवेच्या वाटेत. मी ती उचलून फेकली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. सासूबाईंना बोलण्यात अर्थ नव्हता आणि देवेंद्रांना काय सांगणार? की तुमची पहिली बायको माझे पंखे चालवते? माझ्या नावावरचं कामसुद्धा तिच्याच हातचं निघालं, हे मी माझ्या तोंडानं सांगू?

देवेंद्र पुन्हा शूटिंगला गेले त्या दुपारी मी ठरवलं, एकदाच काय ते बघून टाकू. मशीनवर एका मोठ्या घरच्या लग्नाची फिल्म रेंडर होत होती. मी झाकण उघडून चारही पंख्यांच्या वायरी काढल्या. पंखे हळूहळू थांबले. झाकण लावलं. पंख्यांशिवाय असं मशीन पाच-दहा मिनिटांत नव्वदच्या वर जातं, हे मी झोपेतही सांगेन.

आकडा बासष्टवर होता.

काडी पेटवली. पाती जागच्या जागी थांबलेली होती, आणि धूर त्यांच्यामधून शांतपणे आत जात होता. पुढच्या जाळीतून त्याची बारीक रेघ बाहेर येत होती.

मला भीती वाटायला हवी होती ना? मला राग आला. असा राग की कानशिलं तापली. एखादी बाई जिवंत असती तर मी तिच्याशी भांडले असते, तिच्याहून चांगला स्वयंपाक केला असता, नटले असते. हिच्याशी काय करणार होते? ती म्हातारी होणार नाही, चिडणार नाही, भाकरी करपवणार नाही. आणि वर माझं काम निमूटपणे करून देते, तेही माझ्यापेक्षा चांगलं.

मी दार ओढून घेतलं आणि कॅबिनेटकडे बघून बोलले. "प्रतिभाताई" म्हणाले. ताई तोंडात कुठून आलं, माहीत नाही. "प्रतिभाताई, हे घर आता माझं आहे. माणूस माझा आहे. मशीनचं माझं मी बघीन. तुम्ही जा."

धूर थांबला. म्हणजे काडीचा धूर सरळ वर जायला लागला, कुठल्याही बंद खोलीत जातो तसा.

मी स्क्रीनकडे बघितलं. सत्तर. पंच्याहत्तर. मी धावत झाकण उघडलं, पण घाईत वायरीची पिन बसेना. त्र्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. पंच्याण्णवला मशीन बंद पडतं आणि त्या घरच्यांना संध्याकाळी फिल्म द्यायची होती. एक पंखा लागला, मग दुसरा, मग उरलेले दोन. आकडा थोडा अडला आणि उतरायला लागला. ऐंशीला येऊन थांबला. पुन्हा काडी धरली. धूर पुढून आत, मागून बाहेर. नियमाप्रमाणे.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? त्या दिवशी मी नवी साडी नेसले आणि शेवयांची खीर केली.

देवेंद्र दुसऱ्या दिवशी आले, हातपाय धुतले आणि मिक्सिंगला बसले. मी चहा घेऊन गेले तर त्यांचा डावा हात कॅबिनेटच्या मागे होता. पंख्यासमोर तळवा उघडा धरलेला. स्क्रीनवर काहीच चालू नव्हतं. माझी चाहूल लागली तरी त्यांनी हात काढला नाही.

"गरम हवा येऊन राहिली," ते म्हणाले.

"मागून गरमच यायला पाहिजे," मी म्हणाले.

"हो." मग, आवाज न चढवता, "तू काही बोललीस का तिले?"

कप माझ्या हातात होता. तो मी टेबलावर ठेवला. याचा अर्थ त्यांना माहीत होतं. मी या घरात आल्यापासूनचे सगळे दिवस, मी मागे स्वयंपाक करायचे आणि ते इथं मिक्सिंग करत बसायचे, तेव्हा…

"जा म्हणाले," मी सांगितलं.

"गेली?"

"गेली."

त्यांनी हात काढून घेतला, मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत म्हणाले, "बरं केलंस."

याला आता बरेच आठवडे झाले. मशीन ऐंशीच्या आसपास चालतं. धूळही बसते, दर रविवारी मी ब्लोअर मारते. सासूबाईंची फुलं आपोआप बंद झाली, का ते मी विचारलं नाही. थांबलेल्या पंख्यातून हवा कशी जात होती, ते कुणाला सांगता आलं तर जरूर कळवा. मला अजून उत्तर सापडलेलं नाही. सेठना विचारायची हिंमत होत नाही. आणि खरं सांगायचं तर आता त्या उत्तराची मला पूर्वीइतकी घाई राहिलेली नाही.

देवेंद्र चांगले वागतात. पूर्वीही वागायचेच. फक्त ते मधल्या खोलीत येत नाहीत. पुढे स्टुडिओत बसतात, गिऱ्हाईक नसलं तरी बसतात. मागच्या आठवड्यात एका लग्नाच्या शूटिंगचं मेमरी कार्ड माझ्या हातात देऊन म्हणाले, "मिक्सिंगचं आता सगळं तूच बघत जा. तुले ते तिच्यापेक्षा चांगलं जमते."

मला जे वाक्य ऐकायचं होतं ते हेच होतं, अगदी शब्दशः. मी हो म्हणाले आणि मशीन सुरू केलं. दिवसभर मी आत एकटीच असते, आणि पुढच्या खोलीतून त्यांच्या खुर्चीचा आवाज येत असतो.