उसातून पळत आलेलं कुत्रं

सैन्यात मी पंधरा वर्षं कुत्र्यांना शिकवलं. निवृत्त होऊन पलूसजवळच्या आमच्या गावी आलो, तेव्हा थोरल्या भावाला फीट यायला लागून वर्ष झालं होतं. औषधं चालू होती, तरी मधूनच झटका यायचा. ऊस डोक्याच्या वर गेला की आत माणूस पडला तरी बांधावरून दिसत नाही. शेतात जाऊ नको म्हटलं तरी दादा ऐकायचा नाही. "घरात बसून मरू का रं? पाणी कोण पाजणार?"

मग मी गावातलंच एक तांबडं कुत्रं धरलं. मी घरी थांबायचो, दादा सरीत आडवा पडून कुत्र्याला "घरी" म्हणायचा. त्यानं घरी धावत येऊन भुंकायचं आणि मला शेतात घेऊन जायचं. दोन महिन्यांत ते न सांगताही, दादा आडवा दिसला की पळत यायला शिकलं. दादा आडवा पडल्या पडल्या हसायचा, मग कुत्रं गोंधळून त्याचं तोंड चाटत बसायचं.

श्रावणात ते पहिल्यांदा खरंखुरं आलं. मी धावलो. दादाला कुशीवर वळवलं, तोंडातला फेस पुसला. शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, "लय शानं हाय गड्या हे."

त्या दिवसापासून ते घरी आलं की मी उंबऱ्यातच भाकरी द्यायला लागलो. बक्षीस द्यायचं ते पडलेल्या माणसाजवळ पोचल्यावर, हे मीच इतरांना शिकवत आलेलो. पण घरचं कुत्रं म्हणून लाड केले. मग ते भाकरीसाठी उगाचच येऊन भुंकायला लागलं. तीनदा मी धापा टाकत गेलो, तिन्ही वेळा दादा खोऱ्यानं बारं मोडत, पाणी पुढच्या सरीत वळवत उभा. "आवं साहेब, परत आलासा व्हय?" म्हणून चेष्टा करायचा.

चौथ्यांदा आलं तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. वैनी औंधला देवीला गेली होती. मी दाढी करत होतो. कुत्रं भुंकलं, मी भाकरी टाकली. त्यानं तिला तोंड लावलं नाही. माझी लुंगी दातात धरून ओढायला लागलं. मला राग आला. साखळी घालून त्याला गोठ्यात बांधलं आणि उरलेली दाढी केली.

भाकरी तशीच पडलेली दिसली. धावत गेलो. दादा पाटात पालथा पडला होता. पाणी वीतभरसुद्धा नव्हतं, पण नाक-तोंड त्यातच बुडालेलं.

दादाच्या मातीला आलेले लोक म्हणत होते, एवढं शिकवलं, पण ऐन वेळेला कुत्रं आलं न्हाई. वैनीनं तर त्याला घास टाकायचंही सोडलं. मी गप्प राहिलो. तेराव्यानंतर मात्र राहवेना. ती ज्वारी निवडत होती, तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं.

तिचे हात थांबले. ती म्हणाली, "भावजी, हे मला सांगाया नगं हुतं. कुत्र्यावर राग धरून मी दिवस काढत हुते. आता तुमच्यावर कसा धरू? घरात तुमीच तेवढं उरलाय."

सुपातली ज्वारी तशीच ठेवून ती परसात गेली. मी तिथंच बसून राहिलो. तिच्या मागं जायचं धाडस मला झालं नाही.