कचरा समजून पुसलेली पत्रिका

छपाईच्या शाईचा वास आला की चाळिशीतला माझा शहाणपणा आठवतो नि नातीसमोर हसू येतं. उल्हासनगरच्या छापखान्यात मी नवी होते. कुळगावचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर पेनड्राइव्हवर घेऊन आले. उघडला, तर एकेका मराठी अक्षराच्या जागी तीन-तीन भलतीच चिन्हं. ते त्याच अक्षरांचे बाइट होते, म्हणजे संगणक अक्षर ज्या तुकड्यांत साठवतो ते तुकडे. एन्कोडिंग, म्हणजे ते तुकडे वाचायची पद्धत, बदललं असतं तर मराठी दिसली असती. पण या बाईसाहेबांना, म्हणजे मला, वाटलं, कचऱ्याखाली मराठी दबलीय. सगळी चिन्हं पुसली, वर सेव्हही केलं. दुसरी प्रत नव्हती, छपाई संध्याकाळी. मला रडूच फुटलं. ते गृहस्थ खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “ताई, मी बोलतो, तुम्ही टाइप करा. पयलं आमच्या आईचं नाव घ्या, नाहीतर म्हातारी मांडवात यायची नाय.”