गुरुवारचे तीर्थ

लिहिणे हा माझा प्रांत नव्हे, हे आधीच सांगून टाकते. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले आणि जी काही वाक्ये लिहिली, ती उत्तरपत्रिकांच्या समासात, लाल शाईने. या विषयावर बोलण्याचा अधिकार माझ्यापेक्षा आमच्या गावातल्या कितीतरी जणांना अधिक आहे. त्यांतले जे हे वाचतील त्यांनी माझे धाडस पोटात घालावे. कोणाच्या श्रद्धेचा उपमर्द करावा असे माझ्या मनात नाही. ती श्रद्धा माझीही होती, आणि म्हणूनच त्या एका पायाची गोष्ट इतक्या वर्षांनीही माझा पिच्छा सोडत नाही.

लग्न होऊन मी पुलगावजवळच्या या गावी आले, तेव्हा सत्तरचे दशक नुकते लागले होते. गावाच्या टोकाला, नाल्यापलीकडे, टिनाच्या छपराचा एक मठ होता. त्यात महाराज एकटे राहत. ठेंगणे, सावळे, पाठीत किंचित वाकलेले असे ते वृद्ध गृहस्थ प्रवचन वगैरे काही करत नसत. लोक येत, आपले रडगाणे सांगत आणि ते ऐकून घेत. माझ्या सासूबाई मठाच्या सेवेत सर्वांत जुन्या. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात तिथे नेले. मी इतकी बुजरी होते की चार बायकांनी नाव विचारले तरी घशातून आवाज निघेना. तेव्हा महाराज म्हणाले, “तिले बोलाले नका लावू. बसू द्या.” सासरी मला मिळालेला तो पहिला विसावा होता.

मठात गुरुवारचा एक परिपाठ होता. महाराज चौरंगावर बसत, पाय पितळी परातीत ठेवत. भक्त एकामागून एक येऊन तांब्याने पाय धूत, तळहातावर ते पाणी घेऊन पीत आणि उरलेले घरच्या आजाऱ्यांसाठी बाटलीत भरून नेत. पुलगावच्या गिरणीचा भोंगा झाला की पाळी सुटलेले कामगार सायकलींवर येत आणि रांग नाल्यापर्यंत जाई. विज्ञान शिकवणारी मी त्या रांगेत उभी राहत असे, हेही लपवत नाही. मात्र तीर्थ ओठांना लावून मी पदराने पुसून टाकी.

ऐंशी साल उलटून गेल्यावर केव्हातरी महाराजांच्या उजव्या अंगठ्याखाली जखम झाली. ती भरेना, तेव्हा त्यांना वर्ध्याला नेले. डॉक्टरांनी साखरेचा आजार सांगितला आणि बजावले की जखम कोरडी राहिली पाहिजे, पाण्याचा थेंबही लागता कामा नये. नाहीतर पाय जाईल, आणि या वयात दुखणे पायाशीच थांबेल याची खात्री नाही. कॉलेजात मी प्रथमोपचार शिकले होते, त्यामुळे रोज ड्रेसिंग करण्याचे काम माझ्याकडे आले. ते दिवस आठवले की माझा मलाच हेवा वाटतो. रोज सकाळी शाळेला जाण्यापूर्वी मी मठात जाई, जखम पुसून गॉज ठेवी, पट्टी बांधी. महाराज ‘मास्तरीणबाई’ म्हणून माझी थट्टा करत आणि विद्यार्थ्याप्रमाणे निमूट पाय पुढे करत.

पहिल्याच गुरुवारी मी शाळेतून परस्पर मठात गेले, तर पट्टी सुटलेली आणि पाय परातीत. परातीत पांढरे काहीतरी होते. सासूबाई शेजारी बसलेल्या, आज्ञा पाळल्याच्या समाधानात.

“डॉक्टरनं पाणी नाई म्हणलं होतं न? आमी थेंब लागू देल्ला नाई. हे निव्वळ गाईचं दूध हाय.”

त्यांनी आज्ञा मोडली असती तर भांडता आले असते. त्यांनी ती अक्षरशः पाळली होती. रात्रभर उघडे राहिलेले दूध सकाळी नासते, तसेच जखमेत काय घडते, हे मी त्यांना वर्गात समजावतात तसे समजावले. त्यांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “आमी इतके वर्ष पेऊन राह्यलो वं, कोण मेलं?” मला तीर्थ पिणाऱ्यांची नव्हे, ते देणाऱ्याची चिंता होती. एवढे साधे वाक्य मला तेव्हा सुचले नाही. सुचते तर सर्वांदेखत उच्चारले असते, असेही नाही.

शेवटी मी पादुकांचा तोडगा काढला. महाराजांच्या जुन्या लाकडी पादुका परातीत ठेवायच्या आणि त्या धुवायच्या. महाराज हसून म्हणाले, “म्हणजे माह्ये पाय सुटले म्हणा.” लोकांनी कुरकुर केली, पण मानले, कारण सासूबाई परातीशी पहारा देऊ लागल्या. मला पटवता आले नव्हते ते जखमेने त्यांना पटवले. एका सकाळी मी त्यांना जखमेच्या कडेला आलेले गुलाबी मांस दाखवले, तेव्हा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. त्या पावसाळ्यात आम्ही सासू-सुना प्रथमच एका बाजूला होतो.

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी आष्टीकडून एक म्हातारी आली, दोन एस.ट्या बदलून. नवरा अंथरुणाला खिळलेला, त्याच्यासाठी तीर्थ न्यायचे होते. तिने परातीतल्या पादुकांकडे पाहिले आणि बाटली पदराखाली परत घातली.

“लाकूड त माह्या घरीबी हाय. मी पायासाठी आलती, बाई.”

सासूबाईंनी तिला बाजूला घेऊन डॉक्टरांचे सांगणे सांगितले. म्हातारीने वाद घातला नाही. ती नुसती उभी राहिली. तेवढ्यात महाराज वाकले आणि मी सकाळी मारलेली गाठ सोडू लागले.

“बाबा, नको,” मी म्हणाले. मठात माझा आवाज इतका मोठा कधी निघाला नव्हता.

“तू बांधलं तसंच सोडून राह्यलो. फाडून नाई राह्यलो.”

“पाय जाईल, बाबा.”

“जाईन. पर हे बाई कुठं जाईन?”

एकीला दिले म्हणजे सर्वांना द्यावे लागते. रांग पुन्हा नाल्यापर्यंत गेली. अंधार पडता पडता मी जुनी पट्टी शोधू लागले, तर तीही कोणीतरी प्रसाद म्हणून नेलेली होती. पुढच्या गुरुवारी परातीत ठेवायला पादुका कोणी बाहेर काढल्याच नाहीत. सासूबाई परातीशी बसत, पण पहाऱ्याला नव्हे. ज्यांच्यासाठी पहारा द्यायचा, त्यांनीच दार उघडले होते.

थंडीत अंगठा काळा पडला. वर्ध्याला गुडघ्याखाली पाय कापावा लागला. परतताना बसमध्ये मला रडू आले ते दुःखाचे नव्हते. मी संतापले होते आणि तो संताप कुठे ठेवावा हे कळत नव्हते. म्हातारीवर रागवावे, तर तिने मागितले ते कितीतरी वर्षे सर्वांना मिळत होते. सासूबाईंवर रागवावे, तर त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात उपाशी बसलेल्या. आणि महाराजांवर? पूर्वी मन असे कडू झाले की मी मठात जाऊन बसत असे. आता तिथे जाणेच नको वाटे.

तरी ते परत आल्यावरच्या पहिल्या गुरुवारी मी मठात गेले. महाराज खाटेवर होते, अगदी लहान झालेले. लोक भिंतीला टेकून गप्प बसले होते. पुढे कोणी सरकत नव्हते. सासूबाईंनी परात घासून कोपऱ्यात पालथी घातली होती. मला वाटले, उशिरा का होईना, आम्ही शहाणे झालो.

“परात काऊन पालथी हाय?” महाराजांनी विचारले, आणि पांघरुणातून डावा पाय बाहेर काढला.

सासूबाईंनी त्यांच्याकडे न पाहता माझ्याकडे पाहिले. डाव्या टाचेला पडलेली भेग मी दवाखान्यातच पाहिली होती. मी नको म्हटले. पुन्हा म्हटले. डॉक्टरांचे, माझे, सासूबाईंचे, सर्वांचे नाव घेऊन झाले. त्यांनी नेहमीसारखे शेवटपर्यंत ऐकून घेतले.

“झालं तुह्यं? आता असं कर, लोकाइचं झालं का चांगलं पुसून देजो.”

परात सुलटी झाली. मग प्रत्येक गुरुवारी, शेवटचा माणूस गेला की मी तो पाय मांडीवर घेई आणि मऊ धडप्याने टाच, तळवा, एकेका बोटामधली फट कोरडी करी. मला जे येत होते ते सर्व मी केले आणि ते पुरले नाही. पुढच्या उन्हाळ्यात, त्याच टाचेपासून सुरू झालेल्या दुखण्याने महाराज गेले. आष्टीची ती म्हातारी अंत्यदर्शनाला आली होती, नवऱ्याला सोबत घेऊन. तो काठीच्या आधाराने चालत होता. मी तिच्याशी बोलले नाही.

तो माणूस कशाने उठला, याचा मी विज्ञानाच्या अंगाने पुष्कळ विचार केला आहे आणि त्याने माझी चिडचिड जराही कमी झालेली नाही. म्हणून आता तुम्हालाच विचारते. तुम्ही त्या परातीशी असता, तर त्यांना थांबवले असते का?