रुमालाबाहेरचा भाव

चूल पेटायच्या आधी कौशल्याबाई पदराखाली स्वतःच्याच डाव्या हाताची बोटं दाबून पाहायच्या. एक बोट, मग दोन, मग अख्खा पंजा. संत्र्याच्या बाजारातली ती बोली होती. चांदूर बाजारात विकणारा आणि व्यापारी हातांवर रुमाल टाकत आणि त्याखाली बोटं दाबून भाव ठरवत. शेजारी उभ्या माणसालाही तो कळत नसे. नवऱ्यानं, पुंजारामनं, त्यांना ही बोली गमतीत शिकवली होती. तो गेल्यावर बाग त्यांनीच जगवली. माल मात्र दीर सूर्यभान विकायचे आणि घरी येऊन म्हणायचे, "भाव पडेल होता, वहिनी." आपल्या बागेचा भाव आपण करावा, एवढंच कौशल्याबाईंना हवं होतं.

सदतीस साली, मृगाचा बहार उतरला तेव्हा, त्या स्वतः गाडीबरोबर बाजारात गेल्या. अमरावतीचे व्यापारी खुशालराव हसले.

"अवं बाई, रुमालाखाली हात कोनाचा धरू? तुह्या दिराले बोलाव."

"हात कायले पायजे? तोंडानं बोला."

"तोंडानं बोललो तं साऱ्या बाजाराले ऐकू जाईन."

"जाऊ द्या ना. म्या का चोरीचा माल आनला?"

त्या दिवशी गाडी भरलेलीच परत आली.

मग त्या मळ्यामळ्यांतून हिंडल्या. गंगूबाई, माणिकबाई, अशा एकट्यानं बाग करणाऱ्या बायका त्यांनी ओसरीवर बसवल्या. कुठलं फळ लांबच्या गाडीला टिकेल, पहिला आकडा हसून कसा उडवून लावायचा, सारं सांगितलं. ठरलं असं, की भाव मोठ्यानं बोलायचा, नाहीतर माल परत न्यायचा. पुढच्या बाजारीही गाड्या परत आल्या. पण खुशालराव गंगूबाईंच्या ढिगापाशी घुटमळून गेले होते.

त्याच्या पुढच्या बाजाराला फळ मऊ पडायला लागलं होतं. खुशालराव म्हणाले, "काहो कौशल्याबाई, आजई तोंडानंच? का सडवूनच नेता घरी?"

कौशल्याबाईंनी खुशालरावांच्या खांद्यावरचा रुमाल ओढला आणि त्याखाली हात पुढे केला. त्या दिवसाचा सगळ्यात चांगला भाव त्यांच्या ढिगाला मिळाला.

बातमी गाडीच्या आधी गावात पोचली. बाईनं भर बाजारात परक्याच्या हातात हात दिला. लेकीची, बेबीची, सोयरीक अकोटला ठरलेली. तिकडून निरोप आला, असल्या घरची पोरगी आम्हाला नको. सूर्यभान इतकंच म्हणाले, "वहिनी, आता तुमीच काय ते सांगा." कौशल्याबाईंनी व्याह्यांसमोर शब्द दिला, की बाजारात पुन्हा पाऊल टाकणार नाही. बेबीचं लग्न झालं.

शब्द दिला त्याच आठवड्यात अमरावतीला माल कमी पडला आणि खुशालरावांनी गंगूबाईंचा भाव उघड, तोंडानं मान्य केला. मग माणिकबाईंचा. हळूहळू बायकांच्या गाड्यांची वेगळी रांगच लागू लागली. कौशल्याबाईंची संत्रीही त्याच रांगेत जात, गंगूबाईंच्या गाडीवर. नवी कोणी बाग धरली, की ओसरीवर शिकायला येई. त्या मनापासून शिकवत, आणि ती बाजाराला निघाली की आत जात.

"तुह्यामुळं हाय हे सारं," गंगूबाई एकदा म्हणाल्या.

"असंन. पन मी कुठं हाओ तिथं?" कौशल्याबाई म्हणाल्या, "हात देल्ल्याचं वाईट नाई वाटत मले. एक बाजार आनखी थांबाले पायजे होतं."

दहा वर्षं त्या बाजाराला गेल्या नाहीत. आयुष्याच्या शेवटच्या दिवशी अंगात ताप होता. गंगूबाईंची गाडी दारात उभी राहिली तशा त्या ओसरीपर्यंत आल्या, संत्र्यांवरचं गवत सारखं केलं आणि म्हणाल्या, "पयल्या भावाले हो नोको म्हनजो. अन येतांनी मीठ आनजो, संपलं हाय."