चौथा गुंठा

"माणिकराव, तुमाला भैन हाय का?"

अर्जनवीसानं, म्हणजे रजिस्ट्री ऑफिसबाहेर बसून कागद लिहिणाऱ्यानं, सहज विचारलं. माणिकराव स्वतःच्या चपलांकडे बघू लागले. मग म्हणाले, "हाय एक. सुंदरा. चुडाव्याला दिलीय."

म्हणजे प्लॉटात तिचाही वाटा होता. परभणीत वसमत रोडला माणिकरावांचा वडिलोपार्जित चार गुंठ्यांचा प्लॉट होता. कापड दुकानातली नोकरी सोडून मी केलेला हा पहिलाच सौदा. आमच्या धंद्यात नवा माणूस प्लॉट विकत घेत नाही, त्याच्याकडे तेवढी ऐपतच नसते. तो थोडा बयाना देऊन सौदाचिठ्ठी करतो. तीत लिहिलेलं असतं, 'तुम्ही सांगाल त्याच्या नावे रजिस्ट्री करून देईन.' मग मुदतीच्या आत जास्त भावाचं गिऱ्हाईक आणायचं. मधला फरक आपला. गिऱ्हाईक मिळालं होतं, अडत दुकानवाले शिवलिंगअप्पा. पण मुदत परवा संपत होती. मुदत टळली की बयाना बुडाला, हे मीच हौसेनं लिहून दिलं होतं. त्या बयान्यासाठी लुना विकली होती आणि बायकोला सांगितलं होतं, दुरुस्तीला दिलीय.

बाकावर बसलेले अप्पा उठलेच. "दिगंबर, भैनीचा अंगठा आण. न्हाईतर मला दुसरे प्लॉट लय हायत."

माणिकरावांनी मला कोपऱ्यात घेतलं. "साडीचोळी घेऊन जा. कर्जाचा कागद हाय म्हणा. देईल अंगठा."

"तुमीच चला की."

"आमचं बोलणं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं चुडाव्याला उतरलो. सुंदराबाई अंगणात मूग निवडत होत्या. मी पाणी प्यालो, साडी पुढं ठेवली आणि हक्कसोडपत्र काढलं. वडिलांच्या इस्टेटीतला वाटा बहिणीनं सोडल्याचा हा कागद. आमच्याकडे साडीचोळीवर तो सर्रास होतो.

"भावाला कर्ज काढायचंय," मी म्हणालो. "त्याचा कागद हाय."

त्यांनी साडीचा पदर उलगडून पाहिला. "कर्जाला साडी कशाला?"

मी कागदच पुढं केला. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

"वाचा आता," त्या म्हणाल्या. "सगळं वाचा."

वाचलं. दोन ओळी गाळाव्याशा वाटत होत्या, पण बाई माझ्या तोंडाकडे टक लावून बसल्या होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी साडीची घडी घालून परत दिली.

"अंगठा इथं न्हाई देत. उद्या हापिसात येते. तीन गुंठे इका. एक माझ्या नावानं ऱ्हाईल."

"एका गुंठ्यात काय करणार, बाई?"

"काय करीन ते माझं मी बघीन. बापाचं काईतरी माझ्या नावानं असू द्या."

शेवटच्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता. एसट्या डेपोत उभ्या होत्या, ऑफिसात मोजकीच माणसं. दोन वाजले, तीन वाजले. अप्पा सारखे घड्याळ बघत होते. माणिकराव पुटपुटले, "ती यायलीय व्हय! हट्टी हाय लय." मी दहा वेळा फाटकापर्यंत जाऊन आलो. पावणेचारला सुंदराबाई आल्या. रेल्वेनं आल्या होत्या आणि स्टेशनपासून चालत.

अप्पांना तीन गुंठे चालत होते, पण पैसेही तीनचेच द्यायचे होते. माणिकराव अडून बसले. "चिठ्ठीत एकूण रक्कम हाय, ती पुरी द्या. गुंठ्याचा भाव कुठं लिवलाय?"

खरंच लिहिला नव्हता. बावळटपणा माझाच. चौथ्या गुंठ्याचे पैसे म्हणजे माझा सगळा फायदा. घड्याळात सव्वाचार झाले होते.

"माझ्यातून धरा," मी म्हणालो.

अर्जनवीसानं आधी वाटणीपत्र लिहिलं, चौथा गुंठा सुंदराबाईंच्या नावे. मग तीन गुंठ्यांची रजिस्ट्री झाली. माणिकरावांची सही, खाली बहिणीचा अंगठा. शाई पुसत सुंदराबाई म्हणाल्या, "दादा, जेवलास का?" माणिकराव चपला घालून बाहेर गेले.

बयाना तेवढा परत मिळाला. फायदा शून्य. घरी बायकोला लुनाचं खरं सांगितलं.

पुढं मी हाच धंदा पोटापाण्याचा केला. नवी मुलं येऊन विचारतात, सुरुवात कुठून करायची? सातबाऱ्यापासून, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. सातबारा तलाठ्याकडे अर्ज केला की मिळतो. वारस मात्र सासरी जाऊन शोधावे लागतात.