ऐकणाऱ्याचा आवाज

सरकारी इमारतीत, खिडकी नसलेल्या खोलीत बसून तो दुसऱ्यांचे फोन ऐकायचा आणि शब्दन् शब्द टाइप करायचा. काही गाळायचं नाही, हा तिथला नियम. घरी मात्र दोनदा हाक मारल्याशिवाय त्याला ऐकू जायचं नाही. भिंतीला कान असतात म्हणतात, मी त्या भिंतीशीच लग्न केलं, असं बायको पाहुण्यांना सांगायची.

बरीच वर्षं त्याच्याकडे एका शिक्षिकेचा फोन ऐकायला होता. शाळेचं मैदान विकायला तिनं विरोध केला, तेव्हा वरून तोंडी हुकूम आला होता. मैदान विकलं गेलं, तिथे दुकानं उभी राहिली, तरी ऐकणं चालूच. त्यानं एकदा साहेबांना विचारलं. सुरू करा म्हणणारे बदलून गेले, बंद करा म्हणणारं पदच नाही, असं सांगून साहेबांनी चहा मागवला. निवृत्ती जवळ आली होती. तो पुन्हा टाइप करायला बसला.

एका संध्याकाळी औषधाच्या दुकानात पुढे उभ्या असलेल्या बाईचा आवाज कानी आला आणि चेहरा न बघताच त्यानं त्या शिक्षिकेला ओळखलं. तिच्या वडिलांची नेहमीची गोळी दुकानात संपली होती. दुकानदारानं दुसरी पुढे केली.

“ती नको, ताई. मागे त्यांच्या अंगावर गांधी उठल्या होत्या,” तो बोलून गेला.

तिनं गोळ्यांचं पाकीट परत सरकवलं आणि ती वळली. ही गोष्ट तिनं फक्त भावाला सांगितली होती, तीही फोनवर.

“तुम्ही कोण?”

खोटं सुचायला बोलायची सवय लागते. त्याला ती नव्हती. “तुमचा फोन ऐकतो,” तो म्हणाला.

तिनं आवाज चढवला नाही. तक्रार कुणाकडे करायची, एवढंच विचारलं. त्यानं खरोखर विचार केला आणि आपल्या साहेबांचं नाव सांगितलं. चोराच्याच हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं म्हणून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं भावाला फोन लावला, पण त्याला बोलू दिलं नाही.

“काका, ऐकताय ना? मग लिहा. परवानगी कुणी दिली? कधीपर्यंतची? आणि तुमच्या खात्यावर लक्ष कोण ठेवतं? काल औषधाच्या दुकानात तुम्हीच मला सांगितलंत. दुकानदार साक्षीला आहे.”

हे कागदावर आलं की त्याची नोकरी जाणार, कदाचित पेन्शनही. गाळलं तर कुणालाच कळणार नव्हतं. त्याचं ऐकणं तपासणारं कुणी नव्हतंच.

त्यानं सगळं टाइप केलं, दुकानासकट. कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि ते वाचून होईपर्यंत तिथेच उभा राहिला.