नारिंगी बंदुकांची खरेदी

फायलींचं बरं असतं. मुदत संपली की त्या नष्ट करता येतात, तसा नियमच आहे. किश्शांना असा नियम नाही. ते नोकरीभर साचतात, रिटायर होताना आपल्याबरोबर घरी येतात, आणि घरचे ऐकत नाहीत म्हणून चहाच्या टपरीवर जाऊन बसतात.

आमची टपरी चंद्रपुरात, तुकूममध्ये. मंडळी तीन, तिघंही एकाच सरकारी ऑफिसातले. मी कारकून म्हणून लागलो आणि कारकून म्हणूनच सुटलो. सातत्य म्हणतात ते हेच. गुरनुले भांडार शाखेत होते. खुर्चीपासून बादलीपर्यंत ऑफिसातली प्रत्येक खरेदी त्यांच्या हातून झाली. आणि वामनराव रामटेके आमचे हेड क्लर्क. पांढरा, पूर्ण बाह्यांचा, कडक इस्त्रीचा शर्ट. उभ्या नोकरीत त्या शर्टावर शाईचा ठिपका कुणी पाहिला नाही. गुरनुलेंचं म्हणणं, ठिपका पडायला आधी पेन उघडावं लागतं.

ऑफिसच्या प्रत्येक समारंभात आभारप्रदर्शन माझ्याकडे असायचं. तोवर लोक नाश्त्याकडे वळलेले असत, म्हणून ते कुणालाही दिलं तरी चालायचं. त्यामुळे माझे बरेच आभार कुणी न ऐकलेले राहून गेले. गेल्या वर्षीचे तेवढे इथे मानून टाकतो.

*

एका सकाळी वामनरावांची मुलगी संघमित्रा स्कूटरवरून टपरीवर आली. आम्ही तिला मित्रा म्हणतो. पुण्याला कॉम्प्युटर कंपनीत होती. आई गेली तेव्हा रजा घेऊन आली आणि नंतर परत जायचं नावच काढेना.

“काका, मले बंदुका घ्यायच्या हायेत. सस्त्यातल्या.”

गुरनुलेंनी बशी खाली ठेवली. “किती लोकाइले मारायचं हाय?”

“एका वेळी आठ-दहा.”

मग तिने समजावून सांगितलं. पेंटबॉल नावाचा खेळ असतो. बंदुकीतून गोटीएवढी रंगाची गोळी सुटते, अंगावर फुटते, आणि ज्याला रंग लागला तो बाद. मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर वामनरावांचं वावर, म्हणजे शेत, आहे. तिथून वाघ बघायला जाणाऱ्यांच्या गाड्या जातात. त्यांतल्या ज्यांना वाघ दिसत नाही ते परतताना अगदी कावलेले असतात. त्यांना एकमेकांवर गोळ्या झाडायची सोय करून द्यायची, असा तिचा बेत होता. मला तो पहिल्या घोटात पटला.

वामनरावांना पटला नाही. आमच्या ऑफिसात येण्याआधी त्यांची बरीच नोकरी गडचिरोलीच्या जंगलात, एटापल्लीत झाली, तीही नक्षल्यांच्या वाईट काळात. त्या दिवसांबद्दल ते बोलत नाहीत. एकदाच म्हणाले होते, की तिथला त्यांचा शिपाई एका सोमवारी कामावर आला नाही. नंतरही कधी आला नाही.

“वावर वापर,” ते चहाच्या ग्लासाकडे बघत म्हणाले. “पण बंदूक घरात आणायची नाई. रंगाची असो का कशाची. मी तिले हात लावणार नाई. अन् होळीपर्यंत नाई जमलं, तर वावर घुग्घुसच्या ट्रकवाल्याले, तू पुण्याले.”

घुग्घुसचा एक ट्रकवाला कोळशाचे ट्रक उभे करायला ती जागा भाड्याने मागत होता. मित्रा पुण्याला गेली की त्या घरात वामनराव आणि त्यांची इस्त्री एवढीच दोघं उरणार होती. हे आम्हाला कळत होतं. त्यांनाही कळत होतं. पण हेड क्लर्कने एकदा शेरा मारला की तो मागे घ्यायची पद्धत आमच्या ऑफिसात नव्हती.

*

गुरनुलेंनी खरेदी ताब्यात घेतली. तीन ठिकाणचे दर मागवल्याशिवाय त्यांनी आयुष्यात झाडूही घेतलेला नाही. दिल्लीच्या एका व्यापाऱ्याला त्यांनी टपरीवरूनच फोन लावला आणि आम्हाला ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला.

“ग्राउंड इनडोर है या आउटडोर?” व्यापाऱ्याने विचारलं.

“आउटडोर,” गुरनुले म्हणाले. चंद्रपूरचा अभिमान त्यांना गप्प बसू देईना. “इधर तो शेर भी आउटडोर है.”

पलीकडे कॅटलॉगची पानं उलटल्याचा आवाज आला.

“फिर तो ये कम पड़ेगा, भाईसाब,” व्यापारी हळूच म्हणाला. “आप बड़ा वाला ले लो.”

*

या व्यापाऱ्याचे आभार मानले पाहिजेत, कारण स्वस्त बंदूक कशी निवडावी हे त्यानेच आम्हाला न कंटाळता शिकवलं. आधी आमची नजर सर्वांत कमी किमतीवर गेली. ती गॅसच्या नळकांड्यावर चालणारी निघाली. बंदूक स्वस्त, पण तिचं खाणंपिणं महाग. नळकांडं भरायला दर वेळी नागपूर गाठायचं. शिवाय गॅस उन्हात तापला की दाब चढतो, नळकांडं सावलीत ठेवा, असं तो म्हणाला.

“चंद्रपुरात सावलीबी तापते,” गुरनुले म्हणाले.

मग त्याने स्प्रिंगवाली सुचवली. पिचकारीसारखा दांडा मागे ओढायचा, एक गोळी सुटणार. गोळी लहान, मार कमी, गॅस नाही, दुरुस्ती फारशी नाही. गुरनुलेंनी लगेच आणखी बचत शोधली. तोंडावर घालायचे मास्क म्हणे निम्मेच घेऊ, आळीपाळीने वापरतील.

मित्राने आवाज चढवला नाही. “काका, मास्क आधी येतील. चांगले येतील. माणशी एक येईल. उरलेल्या पैशात जेवढ्या बसतील तेवढ्या बंदुका.”

गुरनुलेंनी यादीत दहा मास्क लिहिले. “अगदी बापावर गेली,” ते मला म्हणाले. “फरक इतकाच का ही कारण सांगते.”

*

रंगावरून दोन दिवस गेले. मित्राला काळ्या हव्या होत्या, लष्करी दिसणाऱ्या. गिऱ्हाईक म्हणे त्यावरच भाळतं. मी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“बाई, काळी बंदूक स्कूटरला बांधून तू गडचिरोलीच्या पोलीस नाक्यापर्यंत जाशील. पुढचा प्रवास सरकारी खर्चाने.”

व्यापाऱ्याकडे नारिंगी रंगाचा एक माल कधीचा पडून होता. खेळण्यासारखा दिसतो म्हणून दिल्लीत त्याला कुणी विचारत नव्हतं. त्याने लाजत लाजत भाव सांगितला आणि आम्ही तो आणखी खाली आणला. दिल्लीला ज्याची लाज वाटत होती, तोच आमच्या भागात त्या मालाचा मोठा गुण होता. गोळ्याही नारिंगीच होत्या; त्यांच्याबद्दल वर त्याने खात्री दिली, “रंग एक धुलाई में निकल जाएगा.”

*

माल आला आणि ट्रान्सपोर्टच्या गोदामात अडकला. खोक्यावर इंग्रजीत ठळक ‘गन’ लिहिलेलं. हमाल हात लावेनात. मॅनेजरने फोन केला आणि एक हवालदार आले. वय झालेलं, पोट सुटलेलं, चेहरा असा की या माणसाला आता कशाचंही नवल वाटत नसावं.

“काय हाय जी हे?”

“बंदुका,” गुरनुले म्हणाले. खरं बोलायची सवय त्यांना नेमकी चुकीच्या वेळी आठवते.

“गोळी झाडता?”

“रंगाची.”

“कोणावर?”

“जो पैसे देईल त्याच्यावर.”

हवालदारांनी खोका उघडायला लावला. आतून दहा नारिंगी बंदुका निघाल्या. त्यांनी एक उचलली, दांडा ओढला, नळीत डोकावले, पुन्हा ओढला. मग तिसऱ्यांदा ओढला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की तपास केव्हाच संपला आहे.

“हे पिचकारीच हाय,” ते म्हणाले. “न्या. अन् वर ते नाव खोडून टाका. लोकाइले उगा काऊन भेव दाखवता?”

गेटपर्यंत गेले आणि परत आले. “लहान पोरांले रेट काय?”

दोन नातवंडं घेऊन ते खरंच आले. या जिल्ह्यात मला भेटलेल्या सगळ्या अधिकाऱ्यांत इतका जलद निर्णय घेणारा माणूस दुसरा नाही. त्यांचेही आभार.

*

बंदुका वामनरावांच्या घरात चालणार नव्हत्या, म्हणून गुरनुलेंकडे ठेवल्या. चूक तिथे झाली.

भांडार शाखेची एक रीत असते. वस्तू आली की आधी तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर घालायचा. आमच्या ऑफिसात पंखे, घड्याळं, पाण्याचे माठ, सगळ्यांवर नंबर होते. साहेबांच्या टेबलावरच्या कुंडीवरही होता. गुरनुले रिटायर झाले, पण ब्रश झाला नव्हता. त्यांनी मन लावून दहा बंदुकांवर नंबर घातले, मग दहा मास्कवर. मास्कचा सर्वांत सपाट आणि ठळक भाग कोणता? समोरची काच. नंबर दुरून दिसला पाहिजे, हा नियम.

“काका, आतल्या माणसाले काय दिसन?” मित्राने विचारलं.

गुरनुलेंनी मास्क चढवला. मान डावीकडे-उजवीकडे वळवून पाहिली. “चार,” ते म्हणाले.

मग चूक सुधारायला म्हणून त्यांनी काच थिनरने पुसली आणि ती दुधासारखी पांढरी झाली. सुदैवाने त्या एकाच मास्कवर भागलं. बाकीच्यांवरचा रंग मित्राने नखाने, तेलाच्या फडक्याने काढला. रात्री घरी जाऊन ती रडली असेल तर आम्हाला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी हसत आली, आणि पांढरा मास्क गुरनुलेंना भेट दिला. “मॅच बघायला,” म्हणाली.

*

उद्घाटनाला गिऱ्हाईक नव्हतं. वानरं होती. मोहाच्या झाडावरून एक भलं थोरलं वानर उतरलं, टेबलावरच्या गोळ्यांचा डबा त्याने पळवला आणि वर बसून एक गोळी चावली. तोंड नारिंगी झालं, पान खाल्लेल्या पुढाऱ्यासारखं. त्याने थू केलं, आमच्याकडे पाहिलं आणि उरलेला डबा आमच्यावर ओतला. सगळे नेम चुकले, एक सोडून.

“पहिला डाव वानराचा,” गुरनुले टक्कल पुसत म्हणाले.

त्यानंतरचे आठवडे मात्र हसण्यासारखे नव्हते. दिवसाला एखादी गाडी थांबे, कधी तीही नाही. मित्रा रोज सकाळी आडोशाचे ड्रम उभे करी, टायर लावी, आणि संध्याकाळी एकटीच खुर्च्या आत घेई. होळी तोंडावर आली. टपरीवर वामनराव काही विचारत नसत. पण तिची स्कूटर दिसेपर्यंत त्यांचा चहा तसाच निवत पडलेला असे.

*

शेवटी तो ट्रकवाला जागा मोजायला आला, मोटरसायकलवर, हातात टेप घेऊन. वामनरावांनी मला आणि गुरनुलेंना साक्षीला बोलावलं होतं. ते स्वतः वावराकडे पाठ करून खुर्चीवर बसले. शर्ट नेहमीसारखा.

तेवढ्यात एक जीप थांबली. बारीक केस कापलेली आठ तरणी पोरं उतरली. साधे कपडे, पण चालण्यावरून ओळखू आली. पोलिसातली, गडचिरोलीच्या जंगलात ड्युटीवर असलेली, सुटीवर निघालेली. नारिंगी बंदुका पाहून ती एकमेकांना कोपरं मारून हसू लागली.

मित्राने नियम सांगितले. “मास्क काढायचा नाई. रंग लागला का गडी बाहेर. तिथं सावलीत बसायचं, पाणी प्यायचं. पुढच्या डावाले परत आत.”

त्यांतला सगळ्यात लहान पोरगा पुढे झाला. “लागल्यावर परत आत येता येते?”

“येते ना.”

तो बाकीच्यांकडे वळला. “भारी हाय बे हे.”

त्यालाच पहिली गोळी लागली. छातीवर नारिंगी डाग घेऊन तो हसत बाहेर आला आणि वामनरावांच्या शेजारी बसला.

“कुठचा तू?” वामनरावांनी विचारलं.

“एटापल्लीकडचा, बाबूजी. डुटीबी तिकडंच हाय.”

वामनराव उठले. माठातलं पाणी त्यांनी स्वतः ग्लासात काढून त्याला दिलं, आणि पोरगा ते पिऊन होईपर्यंत तिथेच उभे राहिले. मग त्यांनी खुर्ची उचलली, फिरवली आणि वावराकडे तोंड करून बसले.

“साहेब, मोजून घेऊ का?” ट्रकवाल्याने टेप उघडत विचारलं.

“आज नाई. आज पोरं खेळून राह्यले.”

ट्रकवाला निघाला. जाताना त्याने मला आणि गुरनुलेंना चौकापर्यंत सोडलं, त्याचेही आभार. त्यामुळे पुढे तिथे काय झालं ते आम्ही पाहिलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी वामनराव टपरीवर आले. शर्ट कालचाच होता. या माणसाने कालचा शर्ट आज घातलेला मी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता. बाकाकडे वळले तेव्हा पाठ दिसली. उजव्या खांद्याच्या खाली तळहाताएवढा नारिंगी डाग, वाळलेला.

टपरीवाल्याने चहा ओतता ओतता हात थांबवला. मी पेपर वर धरला. गुरनुले त्या डागाकडे आधी जवळून, मग लांबून पाहत राहिले.

“वामनराव, पाठीवर रंग लागला हाय.”

“माहीत हाय.”

“अन् पाठीवर काऊन?”

वामनरावांनी चहावर फुंकर मारली, एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

“पळून राह्यलो होतो असं समजू नका,” ते म्हणाले. “मी गोळ्या भरून राह्यलो होतो.”